विकर, कौल आणि बाबा

आमचे बाबा ओरोसच्या सरकारी कचेरीत कारकून होते. घरात काहीही ठरवायचं म्हटलं की त्यांचं उत्तर एकच, "बघूया." नवा पंखा घ्यायचा? बघूया. आज बांगडे की सुरमई? तेही बघूया.

आई काही बोलली की ते जरासे हलत, पण तेवढ्यापुरतेच. देवळातल्या कौलाचंही तसंच. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवायचा. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. होकार घेऊन आले तरी बाबा म्हणत, "तुज्या आवशीक इचारूक व्हया," म्हणजे पुन्हा आईला विचारणं आलंच.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झाले आणि एम.एस्सी.साठी पुण्याला जायचा हट्ट धरला. अर्ज सोमवारच्या टपालाने गेला नाही तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया म्हणजे लग्न, हे मी ओळखून होते. बाबा बघतच होते.

त्याच सुमारास कॉलेजच्या वाचनालयात मी समुद्री गोगलगायीच्या मेंदूबद्दल वाचलं होतं. तिच्या पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पेशी नुकतीच जागी झाली की आत शिरलेलं कॅल्शियम त्याला एक निरोप देतं. दुसरा निरोप शेजारच्या पेशीने सोडलेल्या रसायनाचा. एकट्या निरोपाला विकर फारशी दाद देत नाही. दोन्ही लागोपाठ पोचले तर मात्र झपाट्याने कामाला लागतं, आणि गोगलगाय धडा शिकते. मध्ये फार वेळ गेला की सगळं थंड. वाचता वाचता मला हसू आलं. हे तर आमचे बाबा.

आमची चूक वेळेत होती. आई बोलायची सकाळी पेज वाढताना, बाबा देवळात जायचे संध्याकाळी. रविवारी मी आईला दुपारभर गप्प बसवलं. बाबा कौल लावायला निघाले, चपला पायात सरकवल्या, तेव्हा आई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "चेडू शिकतला म्हणता, तर शिकांदे."

अर्ध्या तासाने ते परत आले. पडवीत बसले, घाम पुसला. "कौल उजवो इलो. फॉर्म भर."

मी इतकी फुशारले की तिथेच त्यांना सगळं शास्त्र ऐकवलं, ते स्वतः विकर कसे आहेत ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गोगलगायपण माज्यापेक्षा बेगीन शिकता म्हण," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये ते मला मालवणच्या स्टँडवर सोडायला आले. ट्रंक चढवली, खिडकीशी उभे राहिले. कंडक्टरने घंटी दिल्यावर हळूच म्हणाले, "कौल डावो इललो गो. तुज्या आवशीक सांगा नको."

गाडी सुटली. मी कुडाळपर्यंत रडले. देवाचा कोप होईल म्हणून नव्हे. या माणसाने जन्मात पहिल्यांदा देवाचंही न ऐकता काहीतरी ठरवलं होतं, आणि ते माझ्यासाठी.