मशालजीची ढाल

चष्मेवाल्याच्या दुकानात एखादी वस्तू आपली जागा सोडून पडलेली कधी कोणी पाहिली नाही. काचा क्रमांकाने लावलेल्या, दांड्या लांबीने, आणि नाकावर टेकणाऱ्या इवल्या गाद्या आकार व रंग अशा दुहेरी शिस्तीने. गिऱ्हाइकाशी तो तोलूनमापून बोले. अधूनमधून विनोदही करी. पण इथे हसायचे आहे हे समोरच्याच्या ध्यानात येईपर्यंत वेळ टळून गेलेली असे.

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर खेळाचे वेड लागले, याचे घरच्यांना नवल वाटे. दुकानामागच्या ज्या खोलीत एरवी काचा घासण्याचे यंत्र घरघरत असे, तिथे रविवारी दुपारी मंडळी जमत. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. होते ते कागद, पेन्सिली, अनेक पैलूंचे फासे आणि नियमांचे एक जाडजूड पुस्तक. प्रत्येकाने आपले एक पात्र उभे करायचे, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैदू, आणि त्या पात्राच्या तोंडून बोलत भुयारांतून आणि शापित किल्ल्यांतून वाट काढायची. गोष्ट पुढे नेण्याचे काम जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे होते. उरलेले दोन खेळाडू म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि त्याची बायको.

पात्र उभे करण्यात चष्मेवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आरंभी प्रत्येकाला ठरावीक गुण मिळत. त्यांतूनच बळ, चपळाई आणि अक्कल घ्यायची, आणि तलवार, दोर, कंदील हे सामानही त्यांतूनच. शिवाय सामानाला वजन असे. ते बळापेक्षा जास्त झाले, की पात्र गोगलगाईच्या चालीने चालू लागे.

"मला दोन कुऱ्हाडी पाहिजेत," बेकरीवाला दर वेळी म्हणे.

"मग शिदोरी ठेवून जा," चष्मेवाला म्हणे.

"अहो, बेकरीवाला उपाशी मेला तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बायको सुटली," त्याची बायको म्हणे, आणि सगळे हसत.

नियमांच्या पुस्तकात एक प्रकरण उणिवांचे होते. खेळाडूने आपण होऊन एखादी उणीव पात्राच्या अंगी लावून घेतली, तर त्या मोबदल्यात त्याला वरकड गुण मिळत. लंगडेपणाचे तीन, रातांधळेपणाचे चार, हावरटपणाचे दोन. अट एवढीच, की खेळताना ती उणीव वठवून दाखवली पाहिजे. नाहीतर गुण परत. चष्मेवाल्याने एक मशालजी उभा केला होता. उजेड धरून सर्वांच्या पुढे चालायचे आणि धोका दिसताच मागच्यांना सावध करायचे, हे त्याचे काम. सारे काही जुळले; केवळ पोलादी ढालीसाठी आठ गुण कमी पडत होते. त्या प्रकरणावरून त्याचे बोट खाली सरकत गेले आणि 'बोलताना अडखळणे' या ओळीवर थांबले. समोर आकडा होता आठ. ही उणीव कशी वठवायची, हे त्याला कोणाला विचारण्याची गरज नव्हती. जन्मापासून तो ते ऐकत आला होता.

पहिल्या दिवशी त्याने ते जरा बिचकतच केले. भुयारात नाग निघाला आणि मशालजी ओरडू लागला, "न-न-ना—" तो 'नाग' पुरा म्हणेपर्यंत नागाने बेकरीवाल्याच्या योद्ध्याला डसून बिळात परत जाऊन वेटोळे घातले होते. बेकरीवाला हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याच्या बायकोने पदराने डोळे टिपले. डॉक्टरीणबाईंना गोष्ट थांबवावी लागली. आपल्या बोलण्यावर कोणी एवढे हसलेले चष्मेवाल्याने आयुष्यात पाहिले नव्हते. त्या दिवसानंतर तो ते आठ गुणांसाठी करीत नव्हता, हे त्याचे त्याला ठाऊक होते. वर्षभर दर रविवारी मशालजी अडखळत राहिला आणि खोली हसत राहिली.

त्याचा थोरला भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता. बापाच्या पश्चात त्याने शाळा सोडून पाने-पक्कड हाती धरली, म्हणून धाकट्याला चष्म्याचे शिक्षण घेता आले. तोंड उघडावे न लागणारा धंदा दादाने जाणूनबुजून निवडला होता. दोन मजल्यांच्या मधल्या अंधारात माणसाला कोणी नाव विचारीत नाही. बाहेरच्या जगाशी जे बोलायचे, ते त्याच्या वतीने धाकटा बोले: दुकानात, कचेरीत, डॉक्टरांकडे. लग्नाची बोलणीदेखील त्यानेच केली होती. "मी हो म्हटलं ते भाऊजींच्या जिभेला," वहिनी म्हणत, "नशीब माझं, की माणूसही चांगला निघाला."

तो दादा एके दिवशी कामाच्या कपड्यांनिशी दुकानात येऊन उभा राहिला.

"छोट्या, तुझ्या र-रविवारच्या खेळात मला घेशील?"

चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली. "तुला? अचानक?"

दादाने सावकाश सांगितले. कंपनी त्याला नव्या मुलांना काम शिकवायला बोलावत होती. दोनदा त्याने नाही म्हटले होते. तिसऱ्यांदा नाही म्हणणे जिवावर आले होते. वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, की घरच्यांत बोलून भागणार नाही, चार परक्या माणसांत बोलायला लागा. "परकी म-माणसं कुठून आणू? तुझी त-तेवढी ओळखीची वाटली. तू नेहमी सांगतोस ना, चांगली आहेत म्हणून."

नाही म्हणायला तोंड नव्हते. चष्मेवाल्याने हो म्हटले, आणि त्याच रविवारी मशालजीला ताप आल्याचे सांगून एका खेड्यात ठेवून दिले. त्याच्या जागी एक वैदू उभा केला, निरोगी, खणखणीत वाणीचा. पुढच्या खेपेस थोरला भाऊ येणार, एवढेच त्याने मंडळींना कळवले. अधिक सांगायचे, तर सगळेच सांगावे लागले असते. पात्र बदलले म्हणजे प्रकरण मिटले, असा हिशेब त्याने मनाशी केला. हिशेबात चुकण्याची त्याला सवय नव्हती.

पुढच्या रविवारी दादा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला. वाक्य त्याने वाटेत घोकले असावे. दारातच उभे राहून, दोन्ही हात विजारीच्या शिवणीला लावून तो म्हणाला, "न-न-नमस्कार. मी ह्याचा म-म-मोठा भाऊ."

"व्वा!" बेकरीवाल्याने टाळ्या पिटल्या. "मशालजी उठला! चष्मेवाले, घरून तालीम करून आणलीत होय भावाची? अहो, तुमच्यापेक्षा झकास जमतंय ह्यांना!"

त्याची बायकोही हसली. विनोद न कळलेला माणूस इतरांच्या जोडीने हसतो, तसा दादाही थोडासा हसला. मग त्याने धाकट्याकडे पाहिले. धाकटा मेजावरचे फासे एका ओळीत लावत होता.

हसणे एकदम नाही, टप्प्याटप्प्याने थांबले. आधी डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, मग बेकरीवाल्याच्या बायकोचा. शेवटी बेकरीवाला सगळ्यांकडे पाहत पुटपुटला, "अरे देवा."

"म-मशालजी कोण?" दादाने विचारले.

चष्मेवाल्याचे कान तापले होते. चष्म्याच्या दांड्या त्याला टोचू लागल्या. डॉक्टरीणबाईंना जनावराच्या मालकाला वाईट बातमी सरळ सांगण्याची सवय होती. त्यांनी तशीच सांगितली. नियम काय, उणीव म्हणजे काय, मशालजी कसा बोले आणि आपण कसे हसत होतो, सगळे. "आम्हाला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण हसलो, हे खरं."

दादाने बिघाडाची तक्रार ऐकावी तसे लक्षपूर्वक ऐकून घेतले.

"क-किती गुण मिळाले?" त्याने भावाला विचारले.

"आठ."

"आठाचं क-काय घेतलंस?"

"ढाल." स्वतःचा आवाज चष्मेवाल्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"च-चांगली होती?"

"हो."

दादाने मान हलवली. आता तो पायऱ्या उतरून जाईल, आणि परक्या माणसांत पुन्हा कधी पाऊल टाकणार नाही, असे चष्मेवाल्याला वाटले. पण दादाने खुर्ची ओढली आणि तो बसला. डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे केला. बळ घेतले, चपळाई घेतली. दोर भरपूर घेतला, लोखंडी कप्पी घेतली. वजन जास्त होत होते, ते चष्मेवाल्याला लांबूनच दिसले. सांगण्याचा हक्क आपल्याला उरला नाही, हेही कळले. बेकरीवाल्याच्या बायकोने ते दुरुस्त करून दिले.

"उणीव एखादी घ्यायची का?" डॉक्टरीणबाईंनी नियमाप्रमाणे विचारले आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, सक्ती नाही हं."

"नको," दादा म्हणाला. "माझी व-विकून झाली."

क्षणभर कोणाला हसावे की नाही ते कळेना. मग दादाच हसू लागला, आणि त्याच्यामागून बेकरीवाला गडगडला, मघाच्यापेक्षा मोठ्याने, सुटल्यासारखा. दादाच्या विनोदावर परकी माणसे हसत होती. त्या हसण्यात चष्मेवाल्याला वाटा नव्हता.

खेळ सुरू झाला. किल्ल्याच्या वेशीवर पहारेकऱ्याने विचारले, कोण तुम्ही? पाळी दादाची होती.

"आम्ही प-प-प—"

"प्रवासी," चष्मेवाला म्हणून गेला.

जन्मभराची सवय ती. दादा त्याच्याकडे वळला. रागावलेला नव्हता; थकलेला होता. पहारेकऱ्याने दार उघडले.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर दोघे भाऊ दाराशी उभे राहिले. चष्मेवाल्याने दुपारभर मनात जुळवलेली वाक्ये तयार होती. "दादा, मी जे केलं त्याला—"

"म-माफी नको मागूस," दादाने हात वर केला. "तू फ-फार छान मागशील."

चष्मेवाल्याने कुलूप हातात घेतले.

"रविवारी मी येणार. पुढच्या, आणि त-त्याच्या पुढच्याही. तू नको येऊस." तो थांबला. शब्द अडला होता, आणि या खेपेस धाकट्याने दात घट्ट मिटून घेतले. "तू असलास, की माझं व-वाक्य संपायच्या आत ते तुझ्याकडे बघतात. खोली तुझी आहे, क-कळतं मला. म्हणून विचारतोय."

"ये तू," चष्मेवाला म्हणाला. एवढेच दोन शब्द त्याला सुचले.

तेव्हापासून रविवारी दुपारी तो कुलूप काढतो, यंत्रावर कापड घालतो, चार खुर्च्या मांडतो आणि पुढे दुकानात येऊन बसतो. मशालजीचा कागद त्याने फाडला, पण त्यानेही काही हलके वाटले नाही. त्या ढालीने वर्षभर सगळ्यांचे जीव वाचवले होते, ते थोडेच परत करता येत होते? लाकडी आडोशापलीकडून आवाज येत राहतात. शब्द कळत नाहीत. दादाचा आवाज तेवढा ओळखू येतो, मध्येच थांबणारा आणि पुन्हा चालू लागणारा.

अशाच एका रविवारी वहिनी अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत आल्या. त्यांच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती. त्याने ती हातात घेतली, तोच मागून दादा काहीतरी लांबलचक सांगताना ऐकू आला. वहिनी जागच्या जागी थबकल्या. नवरा परक्या माणसांत इतका वेळ बोलताना त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"हल्ली घरी आले की भुयारं आणि राक्षस," त्या हलकेच म्हणाल्या. "मलाच झोप यायला लागते. सोमवारपासून कंपनीत मुलांना शिकवायला जाणार आहेत, सांगितलं का तुम्हाला?"

दादाने सांगितले नव्हते. "हो," चष्मेवाला म्हणाला.

"तुम्ही नाही बसत खेळायला?"

"दुकानात कोणीतरी हवं."

"रविवारी?" वहिनींनी अर्धवट ओढलेल्या शटरकडे पाहिले, पण त्यांचे लक्ष आडोशापलीकडे होते. त्यांचे डोळे भरून आले. "भाऊजी, तुम्ही त्यांच्यासाठी जन्मभर केलंत. पण हे जे केलंत ना, ते मी कधी विसरायची नाही."

खरे काय ते सांगायला त्याला दोन वाक्ये पुरली असती. त्याने मान खाली घातली आणि दांडीचा स्क्रू आवळू लागला. तो केव्हाच आवळून झाला होता.