पपईचं पान

माझ्या उजव्या पायाचा घोटा मे महिन्यात मोडला, आणि तोही माझ्याच दुकानाच्या पायरीवर. आमगावात तीस वर्षं पायमशीन चालवणारा मी शिंपी. शाळेच्या कपड्यांचा हंगाम तोंडावर, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गोंदियाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. मशीन चालवण्याइतका घोटा पुन्हा वाकेल का, ते प्लास्टर काढल्यावरच कळणार होतं.

खाटेवर पडलो तरी डावा पाय थांबेना. खाटेच्या कडेवर तो दिवसभर मशीन चालवत असे आणि खाट कुरकुरायची.

"काऊन जी, पाय कायले हालवून राहिले?" बायको विचारायची.

मी तिच्यावरच चिडायचो. चहा थंड आहे, पंखा वाजतो, मला काहीही पुरायचं.

शेवटी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीनं मोबाइल समोर धरला. हवाई बेटांवरची एक म्हातारी गोधडी शिवत होती. रंगीत कापडाची आठपदरी घडी, तिच्यावर एकदाच कात्री, आणि उलगडलं की चारी बाजूंनी सारखी पसरलेली एकच मोठी नक्षी. ती पांढऱ्या कापडावर कच्च्या टाक्यांनी धरायची आणि सुईच्या टोकानं कड आत सारत हातानं शिवायची.

"मशीनवर दोन तासांचं काम आहे," मी म्हणालो.

"पण बाबा, यात पाय नाही लागत," ती म्हणाली.

आपल्या अंगणातलंच पान काढा, असं ती म्हातारी सांगत होती. मला खाटेवरून एकच झाड दिसायचं, पपईचं. तेच काढलं, बोटंबोटं असलेलं. हिरवं कापड दुकानातल्या उरलेल्यातून आणवलं आणि कात्री चालवली. तेवढं झकास जमलं.

पुढे सगळं फसलं. आमच्याकडे पोराचा शाळेचा ड्रेस शिवताना आत दोन बोटं मार्जिन सोडतात. पोरगं वाढलं की उसवायचं, अजून एक वर्ष निघतं. जो शिंपी सोडत नाही, त्याच्याकडे आया पुन्हा येत नाहीत. माझा हात मार्जिनशिवाय कापतच नाही. एवढं कापड आत सारायला गेलो, तर पपईच्या बोटांमध्ये त्याचे गोळे झाले. उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा गोळे. तिसऱ्यांदा मी सगळं खाटेखाली फेकलं.

बायकोनं ते उचललं. दर उन्हाळ्यात ती गोधडी शिवायची आणि दरवर्षी मी तिच्या टाक्यांना हसायचो. खरं तर दुकानातली तुरपाई आणि काज-बटणं इतकी वर्षं तीच घरी करत होती. पण त्याला मी काम म्हणतच नव्हतो.

तिनं कात्री घेतली आणि मला न विचारता कड छाटली. "धानाच्या दाण्याएवढी ठेवा. याले कोन उसवून वाढवनार हाय? पान हाये हे, पोरगं थोडीच हाये."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. दोन दिवसांत पानाचं पहिलं बोट नीट बसलं.

जुलैत रोवणी, म्हणजे चिखलात धानाची लावणी, लागली. बायको सकाळीच बाहेर पडायची, रोवणीला जाते म्हणायची. मुलगी कॉलेजात. घरात मी आणि पान. पान बसवून झालं, मग त्याच्या कडेनं एक-एक बोट अंतरावर टाक्यांच्या रेघा, धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात ढेकूळ पडल्यावर सुटतात तशा. चार टाके घातले की घड्याळ पाहायचो. हात शिकत होता, जीव मात्र दुकानात. माझं कुलूप पाहून लोक कोणाकडे जात असतील, हाच विचार.

प्लास्टर निघालं. घोटा वाकला, पण थोडाच. मशीनचं पुढच्या महिन्यात पाहू, डॉक्टर म्हणाले. परतताना मी रिक्षा दुकानाकडे वळवायला सांगितली.

"आज नोको, उद्या जाऊ," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही.

काठी टेकत आत गेलो, मशीनवर बसलो, पाय लावला. चाक उलटं फिरलं आणि धागा तुटला. शिकाऊ माणसाचं होतं तसं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसताना दुसरा हात मशीनवर टेकला. हाताला धूळ लागली नाही, ताजं तेल लागलं.

खुंटीवर एक निळा ड्रेस होता. मी तो उलटा केला. शिलाई मशीनची, सरळ. आत दोन बोटं मार्जिन. तेव्हा मला आठवलं की रोवणीहून आलेल्या माझ्या बायकोच्या पायाला मी एकदाही चिखल पाहिला नव्हता.

"बाया वापस जाऊन राहिल्या होत्या," ती दारातूनच म्हणाली. "मंग का करती मी?"

"मशीन कोणी शिकवली तुला?"

"तीस वर्षं पाहूनच राहिली."

माझ्यावाचून दुकान चाललं याचं वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. फार वाटलं. पण मी उठलो आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस. उद्या येताना माझं पान आणशील, मी इथंच शिवत बसेन."

ती बसली. चाक सरळ फिरलं. बाकावर बसून मी पाहत होतो, आणि खाली माझा डावा पाय तिच्या चाकाबरोबर चालला होता. या वेळी तिनं काऊन म्हणून विचारलं नाही.