भिंतीला टेकलेला हात

दुकानांच्या पाट्या रंगवणारा तो माणूस. गल्लीत सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. तीस वर्षं शिडीवर काढली आणि एक दिवस चौथ्याच पायरीवर धाप लागली. पावलं इतकी सुजली होती, की चपलेचा पट्टा रुतला.

"हृदय बंद पडलेलं नाही, पण पंप थकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त नीट पुढे ढकललं जात नाही, म्हणून अंगात पाणी साचतं. मीठ कमी, पाणी मोजून. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन."

बायकोनं मिठाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"शिडी लावून काढू का?" तो विचारायचा.

"आधी चढून दाखवा!"

रोज तो काट्यावर उभा राहायचा, ती वाकून आकडा बघायची आणि वहीत टिपायची. दीड वर्ष असं निभावलं.

मग तिच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला: ये. आईच्या आजारपणात खटका उडाला, तेव्हापासून नऊ वर्षं दोघींत अबोला होता. बायको हरखून गेली. नेमकी त्याच आठवड्यात त्याची सूज पुन्हा चढली; त्यानं ती पायमोज्यांत लपवली. आडवं पडलं की जीव घुसमटायचा; उकडतंय असं सांगून तो खुर्चीतच झोपू लागला. आणि काट्यावर उभं राहताना त्यानं हळूच एक हात भिंतीला टेकला. वाकलेल्या बायकोला तो हात दिसला नाही, फक्त नेहमीचाच आकडा दिसला.

ती बहिणीकडे गेली. फोनवर रोज विचारायची, "वजन?"

"एकसष्ट. कालचंच."

"अहो, खरं ना?"

"खोटं कशाला बोलू?"

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. त्याला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. दुपारी बायको धावत पोचली. नर्सनं सांगितलं, वजन सहासष्ट.

"भिंतीला... टेकायचो," मास्क बाजूला करत तो म्हणाला. "तू गेली नसतीस." मग दम खाऊन, "बोललात का दोघी?"

"तुमच्याशीच बोलायचं नाही मला!" ती रडत म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. वळली तेव्हा त्याला ग्लानी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

बहीण आली, तिला कुशीत घेऊन बसली.

"किती बोललो गं आपण," बायको पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हसलोसुद्धा. एवढं त्यांना सांगायला काय झालं होतं मला?"