पोलंडच्या कोळशातला माणूस

२०१६ च्या हिवाळ्यात आम्ही परदेशात, स्कारबरोला राहत होतो. माझ्या सहावीतल्या मुलीला शाळेत पोलंडची खनिजं आणि ऊर्जा असा प्रोजेक्ट मिळाला. शेजारच्या आजी पोलंडच्याच, कोळशाच्या खाणींच्या भागातल्या. मुलगी त्यांच्याकडे जाऊन बसली. आजींनी सांगितलं, की त्यांचा भाऊ खाणीत छत कोसळून गेला आणि त्याला बाहेर काढण्याआधीच पलीकडे काम पुन्हा सुरू झालं. मुलीने ते जसंच्या तसं पोस्टरवर लिहिलं.

शिक्षिकेने नेमक्या त्याच मजकुरावर काट मारली. मी तडक शाळेत गेले.

“वाईट झालं,” त्या गोड हसून म्हणाल्या, “पण विषय नैसर्गिक साधनसंपत्तीचा आहे.”

“मग कोळसा काय आपोआप वर आला?” माझा आवाज चढला. कॉरिडॉरमधली मुलं थबकून बघायला लागली. शिक्षिका काही बधल्या नाहीत.

घरी मुलगी माझ्यावरच भडकली. “मॉम, यू एम्बॅरस्ड मी!” तिने त्या मजकुरावर कोळशाच्या साठ्यांचा नकाशा चिकटवला. प्रोजेक्टला ए मिळाला.

“बाईंनी माझ्या भावाचं वाचलं का?” आजींनी मला विचारलं.

“वाचलं आणि खोडलं.”

“तेव्हाही पेपरात खाणीचा तो भाग किती दिवस बंद राहील एवढंच आलं होतं,” त्या म्हणाल्या. मग मुलीला ए मिळाला म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं. मला मात्र आजही ती शिक्षिका आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते.