रस्त्याच्या अलीकडचं पाणी

माझी थोरली बहीण जगदेवी. आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या, ती थोरल्या भावाला आणि मी धाकट्याला. त्यामुळे ती माझी बहीणही आणि जाऊही. मी तिला अक्का म्हणते. अक्काबद्दल कुणालाही विचारा, एकच सांगतील, की बाई तोंडावर बोलते. लग्नाच्या पंगतीत भाजी खारट लागली तर पत्रावळीवरून उठून आचाऱ्याला सांगून येईल आणि परत जेवायला बसेल. अशा बाईनं एक गोष्ट महिनाभर पोटात ठेवली होती. ती सांगितल्याशिवाय अक्का कळायची नाही.

आमचं घर लातुरात, औसा रस्त्याला. पुढच्या खोलीत किराणा दुकान, मागं आम्ही. जिल्हा होण्याआधी या रस्त्यावर म्हशी बसायच्या आणि एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून त्यांना उठवायचा. मग लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, हलगी वाजली. कचेऱ्या बांधायच्या म्हणून वाळूचे, खडीचे, सिमेंटचे ट्रक सुरू झाले, साहेब लोकांच्या जीपा सुरू झाल्या. रस्ता रुंद केला, कडेची झाडं पाडली. डांबर आमच्या पायरीला येऊन भिडलं. पायी चालणाऱ्यानं कुठून चालायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भाऊजी, म्हणजे अक्काचे मालक विरूपाक्षअप्पा, छाती फुगवून म्हणायचे, "आता आपन जिल्ह्याचे." मी म्हणायची, "जिल्ह्याचे झालो, पर पलीकडं कसं जायाचं ते सांगा की."

पलीकडं पंचशीलनगर. बौद्धांची वस्ती. कुणी शिपाई, कुणी मास्तर, बरेचजण बांधकामावर. जिल्ह्याच्या कौतुकाला तीन-चार वर्षं होतात न होतात तोच दुष्काळ पडला. आड आटले, नळातून नुसती हवा यायला लागली आणि दारात टँकर आला. तो पंचशीलनगरच्या तोंडाशी उभा राहायचा, कारण घरं तिकडं जास्त. अलीकडं आम्ही चार-पाच घरं. आम्ही घागरी घेऊन रस्ता ओलांडायचो आणि जिल्ह्याच्या नावानं बोटं मोडायचो.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई शांतम्मा, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण लिंगपूजेचं पाणी त्या स्वतःच भरायच्या. पूजेच्या घागरीला दुसऱ्यानं शिवायचं नाही, सुनांनीसुद्धा नाही. बसवण्णांनी आठशे वर्षांपूर्वी शिवाशिव मोडीत काढली असं आम्ही जयंतीला ऐकतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी घागर वेगळी ठेवतो. तर या म्हातारीला रस्ता ओलांडून कोण नेणार? नेत होती भामाबाई. पंचशीलनगरची, बांधकामावर घमेली उचलणारी. एकदा आत्याबाई रस्त्यात मधोमध गोंधळून उभ्या राहिल्या, दोन्हीकडून हॉर्न, आणि भामाबाईनं धावत येऊन त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून ती रोज टँकर आला की आधी अलीकडं यायची, आत्याबाईंना हाताला धरून न्यायची, त्या घागर भरेपर्यंत थांबायची आणि परत पायरीशी आणून सोडायची. घागरीला तिनं कधी बोट लावलं नाही. तिला ठाऊक होतं.

आत्याबाईंना त्यात काही वाटत नव्हतं. वाटलं ते आमच्याच भजनातल्या गौरम्माला. मठात भजनाला बायका जमल्या होत्या. तिथं ती सगळ्यांदेखत अक्काला म्हणाली, "तुमच्या सासूचा हात धरून रोज कोन आनतंय, ठावं हाय न्हवं? मंग लिंगाला पानी कुनाचं म्हनायचं?" बायका हसल्या. अक्का, जी आचाऱ्याला सोडत नाही, ती खाली मान घालून घरी आली. दोन दिवस तिनं आत्याबाईंना स्वतः न्यायचं करून बघितलं. म्हातारी अर्ध्या रस्त्यात तिचा हात सोडून "भामे!" म्हणून हाक मारायची.

त्याच आठवड्यात टँकर अलीकडं थांबायला लागला, अगदी आमच्या पायरीसमोर. मला वाटलं, ड्रायव्हर ग्यानोबाला वळवायला इकडं सोपं जात असेल. आत्याबाई दाराबाहेर पडल्या की पाणी. आम्ही खूश. पंचशीलनगरच्या सगळ्या बायका आता रस्ता ओलांडून यायला लागल्या. येताना रिकाम्या, जाताना डोक्यावर एक आणि कमरेवर एक भरलेली.

डोक्यावर भरली घागर असली की मान वळत नाही. उजवीकडं ट्रक आहे की नाही ते कानानं ओळखायचं. आणि ट्रक एक असतो तेव्हा ठीक, दोन असले की आवाजात आवाज मिसळतो. भामाबाईला दुसरा ऐकू आला नाही. दुपारची वेळ होती, मी दारातच होते. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक लावला, तरी धडक बसलीच. डोक्यावरची घागर लांब जाऊन पडली, कमरेवरची मात्र सरळच्या सरळ खाली बसली, निम्म्याच्या वर भरलेली. बायका धावल्या आणि पहिल्या बाईनं आधी ती घागर उचलून कडेला ठेवली, मग भामाबाईला धरलं. मी त्या बाईला नाव ठेवणार नाही. दुष्काळात हात आधी कुठं जातो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

उजवा पाय मांडीत मोडला. जीव वाचला, पण डॉक्टर म्हणाले, घमेलं उचलणं विसरा.

मग पुरुष मंडळी जागी झाली. दोन्हीकडची माणसं रस्त्यात बसली आणि पुढं आमचे भाऊजी. ट्रकवाल्यांना शिव्या झाल्या, जिल्ह्याला झाल्या. जीपमधून एक साहेब आले, हात मागं बांधून रस्ता बघून गेले आणि आठ दिवसांत आमच्या दुकानाच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर दोन गतिरोधक उभे राहिले. गतिरोधक कसले, आडवे बांधच. रंग नाही, पाटी नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यावरून उडून कोण पडलं असेल तर भाऊजी, मोपेडसकट! एवढं सगळं झालं, पण इतक्या बायका भरल्या घागरी घेऊन हा रस्ता ओलांडतात कशाला, हे एकानंही विचारलं नाही.

अक्का जेवेना. भाकरी मोडायची आणि तशीच ताटात ठेवायची. रोज सकाळी मात्र डबा भरून भामाबाईकडं जायची, भाकरी, पिठलं, कधी शेंगाची चटणी. पंचशीलनगरात तिचं कौतुक व्हायला लागलं. दुकानवाल्या वैनींना किती माया! ते ऐकून ती जास्तच खंगली. शेवटी एकदा मी तिला परसात धरलंच. "अक्का, तुला झालंय काय?"

"टँकर मी इकडं लावून घेतला," ती म्हणाली. "ग्यानोबाला चहा पाजला आणि म्हनलं, आमच्या आत्याबाईला दिसत न्हाई, इकडं लाव. लगेच हो म्हनला."

"आगं मंग डोळ्यापायीच केलंस न्हवं? त्यात वाईट काय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला सगळं उमगलं. गौरम्माचं बोलणं मीही ऐकलं होतं. तिला आत्याबाईंना ट्रकपासून वाचवायचं नव्हतं. भामाबाईच्या हातापासून वाचवायचं होतं. आणि तो हात सोडवायला तिनं अख्खी वस्ती रस्त्यावर आणली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा अक्का ग्यानोबाला म्हणाली, "उद्यापासून पलीकडंच लाव." तो "बरं वैनी" म्हणाला. काम झालं. इकडं आणायलाही एवढंच लागलं होतं. पंचशीलनगरच्या बायकांना वाटलं, रस्त्यात बसल्याचा परिणाम झाला. भाऊजींनाही तसंच वाटलं आणि त्यांनी ते चारचौघांत सांगितलंही. आता गप्प राहिली असती तरी कुणाला काही कळलं नसतं. ग्यानोबाही डोळ्याचंच कारण सांगणार. मी अक्काला हेच समजावलं. म्हटलं, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे." ती चपला घालून, डबा घेऊन निघाली. मी तिच्या मागं गेले.

भामाबाई बाजेवर, पायाला प्लास्टर. सून आत काहीतरी कांडत होती. अक्का उभ्या उभ्याच बोलली. "भामाबाई, टँकर मी अलीकडं लावाया सांगितला व्हता."

भामाबाई म्हणाली, "आजीच्या डोळ्यापायी व्हय? आसूद्या वैनी. तुमाला काय ठावं आसं व्हईल म्हून." मग म्हणाली, "पर मला कामून न्हाई म्हनलात? मी आनखी जपून न्हेलं असतं की आजीला."

माझ्या मनात आलं, सुटली! समोरच्या बाईनंच सबब काढून हातात दिली होती. अक्कानं नुसतं "सुचलं न्हाई" म्हणायचं होतं. माफी तर आधीच मिळाली होती.

"डोळ्यापायी न्हाई," अक्का म्हणाली. "तुझ्या हातापायी. आत्याबाईचा हात तू धरायचीस, त्यावरून मठात बायका हसल्या. मला लाज वाटली. म्हून केलं."

आतलं कांडणं थांबलं. भामाबाई रागावेल, निदान रडेल तरी, असं मला वाटलं होतं. आता ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं प्लास्टरवरची चादर नीट केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हैना झाला वैनी, मी रोज तुमच्या हातचं खाऊन ऱ्हायले. मला चाललं."

अक्कानं डबा तिथंच ठेवला आणि आम्ही निघालो. संध्याकाळी भामाबाईची सून डबा परत देऊन गेली, झाकणसुद्धा न उघडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं पुन्हा पीठ मळलं, तेव्हा मी चिडले. "आता कशाला? ती खानार न्हाई." अक्का म्हणाली, "ती खाती का न्हाई ते तिचं." भामाबाई काठी घेऊन चालायला लागेपर्यंत तो डबा रोज सकाळी जायचा आणि रोज संध्याकाळी तसाच परत यायचा. त्यातली वाळलेली भाकरी अक्का आम्हां कुणाला देत नसे. आमचं जेवण उरकलं की चुलीपुढं बसून ती एकटीच खायची.