दादाचं पाणी

दादा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. भोरच्या शाळेत चौथीच्या मुलांना मी शुद्धलेखन घालत होतो. नसरापूरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर ओळखीचा. गाडी उभी करून तो तसाच वर्गाच्या दाराशी आला, चपला काढल्या, पण आत मात्र आला नाही. "मास्तर, सीतारामदादा गेलं," एवढंच म्हणाला. माझं वाक्य अर्धं झालं होतं. ते मी पुरं सांगितलं, मुलांनी पुरं लिहून घेतलं आणि मग मी टोपी उचलली. मोटारीत बसल्यावर लक्षात आलं, की आपल्याला रडू येत नाहीये. नुसतं थकल्यासारखं वाटत होतं... डोक्यावर ओझं घेऊन लांबून चालत यावं आणि ते उतरवायला कुणाचा हात मिळू नये, तसं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. ओझं काय होतं ते आज सांगतो.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. मार्गासनीच्या अलीकडे ओढ्याकाठी आमची वस्ती आहे, चार घरांची. दादाची शाळा दुसरीतच सुटली होती. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानं औत धरलं आणि माझी शाळा मात्र सुटू दिली नाही. "येकानं तरी खुर्चीवर बसावं," असं म्हणायचा. मी फायनल पास झालो त्या दिवसापासून तो मला नावानं हाक मारेनासा झाला. मास्तर म्हणू लागला. त्यात निम्मा अभिमान असायचा आणि निम्मी चेष्टा. खळ्यात मी भाताच्या पेंढ्या चुकीच्या बाजूनं रचल्या की ओरडायचा, "मास्तर, ह्ये बुकात न्हाई वाटतं!" वैनी या घरात आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तिच्या हातचं खाऊन मोठा झालो. तिला अक्षर येत नाही. घरात काही कागद आला की तो माझ्यासाठी देव्हाऱ्यात ठेवलेला असायचा, आणि मी जे वाचीन ते खरं.

लघवीचा त्रास दादानं दोन वर्षं लपवला. बांधाला उभा राहिला की लवकर परतायचा नाही. वैनीला वाटायचं, माणूस पिकाकडे बघत उभा आहे. शेवटी एका सकाळी सगळंच अडलं, पोट मडक्यासारखं फुगलं, तेव्हा बैलगाडीनं नसरापूर आणि तिथून मोटारीनं पुणं गाठलं. लढाई नुकतीच संपली होती. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट म्हणून एक गाठ असते, ती वाढली आहे, काढावी लागेल. पण एकदम नाही. आधी पोटाला छेद घेऊन रबरी नळी घातली, नळीचं टोक बाटलीत, आणि तीन आठवड्यांनी अंगात ताकद आल्यावर खरं ऑपरेशन. त्या तीन आठवड्यांत दादा बाटली हातात धरून व्हरांड्यात फेऱ्या घालायचा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणायचा, "माझी म्हस दोन टायमालाच देती. ही बघा, दिसभर चालूच!" गाठ काढल्यावर ती बघायला मागितली. डॉक्टर हसले, पण त्यांनी दाखवली, मोठ्या लिंबाएवढी होती. दादानं मान वाकडी करून पाहिलं. "एवढ्याशीनं मला दोन वर्सं रडवलं व्हय? हिच्यापरीस कांदा बरा, भाकरीसंगं खाता तरी येतो."

चेष्टा तिथंच संपली. पोटाची जखम भरायला महिना गेला, तोवर तिच्यातून लघवी पाझरत राहायची आणि वैनी दिवसातून सहा वेळा कापडं बदलायची. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद पडवीत सगळ्यांसमोर मी तीनदा वाचला. जड उचलायचं नाही. बैलगाडीत बसायचं नाही. आणि सर्वांत मोठं, पाणी. दिवसभर पाणी प्यायचं, तहान असो नसो, आतली धार वाहती राहिली पाहिजे, नाहीतर रक्ताच्या गाठी धरतील. वैनीनं एवढं एकच लक्षात ठेवलं. दादाच्या उशाशी पितळेचा तांब्या असायचा, तो रिकामा दिसला की ती हातातलं काम टाकून भरायची.

पाण्यासोबत दुसरी गोष्ट आली. ऑपरेशननंतर दादाला धरवत नसे. खोकला आला, उठला, हसला तरी धोतर ओलं व्हायचं. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की काही महिन्यांनी ताबा येईल, धीर धरा, आणि खरोखरच हळूहळू कमी होत होतं. पण तेव्हा कापडावर कंट्रोल होतं, धोतरजोडी मिळायची मारामार. वैनीनं आपली दोन जुनी लुगडी फाडून घड्या शिवल्या. दादा चावडीवर जायचा बंद झाला. कुणी आलं की पडवीच्या टोकाला सरकून बसायचा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एकदा मला म्हणाला, "ल्हान पोर झालूया बग मी. फकस्त उचलून कुनी घेत न्हाई." मी हसलो.

त्याच वर्षी वैशाखात माझ्या मुलीची, इंदूची सोयरीक आली. घर गुंजवण्याचं, चांगलं, मुलगा सातवी झालेला. आमच्याकडे बोलणीला घरातला वडीलधारा घोंगडीवर बसतो आणि सुपारी फुटेपर्यंत उठत नाही. तो मध्येच उठला म्हणजे बोलणं त्याच्या मनाला आलं नाही, असं पाहुणे धरतात आणि पानाला हात न लावता निघून जातात. दादा जिवंत असताना त्या घोंगडीवर मी बसणं शक्य नव्हतं. आणि दादाला दर अर्ध्या तासानं उठावं लागे, न उठला तर घोंगडी ओली होण्याची भीती. मी दोन दिवस याचाच विचार करत होतो. पाहुणे म्हणतील, घरात रोग आहे. वास येतोय म्हणतील. मुलीचा बाप मी, पण खरं सांगायचं तर इंदूपेक्षा माझी मलाच जास्त काळजी होती. भोरातल्या मास्तराच्या घरी असं घडलं, हे लोकांनी बोलायला नको होतं.

आदल्या दुपारी मी दादाजवळ बसलो. "दादा, आज दुपारपासनं पाणी नको घेऊ. उद्या सुपारी फुटेस्तोवर."

"डाक्टर तर म्हनला व्हता..."

"एका दिवसानं काय होतंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. कागद वाचून दाखवताना पाहायचा, तसंच. "बरं," म्हणाला. "तू शिकल्याला हाईस."

संध्याकाळी आणि सकाळी वैनी तांब्या बघायला आली, तेव्हा तो भरलेलाच होता. "पानी पिलं न्हाईत व्हय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच दिलंय मी, पुन्हा भरून ठेवलाय. तू सैपाकाचं बघ, वैनी." पुरणाचा घाट होता, ती गेली. तिच्याशी जन्मात मी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि किती सहज!

पाहुणे चौघं आले. मुलाचे चुलते बोलके, एका पानाला दोन गोष्टी सांगणारे. ऊन असं की पत्रा वाजत होता. बोलणी देण्याघेण्यापाशी कमी आणि राजगडाखालच्या जंगलात वाघ दिसला त्यापाशी जास्त अडकली. पाहुण्यांनी गूळपाणी घेतलं. चुलते म्हणाले, "दादा, तुमी बी घ्या की." दादाचे ओठ पांढरे पडले होते. "पाव्हन्यांनी घेतलं म्हंजी मला पोचलं," असं म्हणून त्यानं पेला पुढं सरकवला. साडेतीन तास तो मांडी मोडल्याविना बसला होता. सुपारी फुटली, मी गूळ वाटला, आणि पाहुणे हात धुवायला उठल्यावर दादा खांबाला धरून उभा राहिला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, धोतर कोरडं हाय बग." आणि हसला. चांगले मार्क मिळालेल्या पोरासारखा.

त्यानंतर त्याला लघवी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अंगात ताप, पोट पुन्हा मडकं, आणि थेंबाथेंबानं रक्ताच्या गुठळ्या. ज्या बैलगाडीत बसू नये म्हणून मी वाचून दाखवलं होतं, तिच्यातच घालून त्याला भोरला आणला. डॉक्टरांनी नळी घालून सगळं मोकळं केलं, मग बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "ह्यांचं पाणी कोण बघतं?"

वैनी पदर सावरून पुढं झाली. "म्या."

"काल किती दिलं?"

वैनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टोपी दोन्ही हातांत धरून उभा होतो. ती बोलली नाही, मीही बोललो नाही. डॉक्टर तापट नव्हते, पण त्या दिवशी तापले. "अहो बाई, लिहून दिलं होतं ना? नवरा जड झाला असेल तर तसं सांगा! एवढं ऑपरेशन करून आणलेला माणूस, त्याला साधं पाणी देववत नाही?" दवाखान्यात दहा-बारा माणसं होती, त्यांत आमच्या बाजूची तिघं. चार दिवसांत ही गोष्ट मार्गासनीपर्यंत पोचली, आणि पोचेपर्यंत मोठी झाली. बाईनं कापडं धुवायचा कंटाळा केला, म्हणून नवऱ्याचं पाणी तोडलं... पाणवठ्यावर बायका वैनीला जागा करून द्यायच्या, आणि ती आली की बोलायच्या थांबायच्या.

दादा वाचला, पण पहिल्यासारखा झाला नाही. ताप जायचा आणि यायचा. ताबा येऊ लागला होता, तो गेला तो गेलाच. दोन वर्षं तो असा राहिला. इंदूच्या लग्नात अक्षता टाकायला मात्र उभा राहिला. त्या दोन वर्षांत झाल्या गोष्टीबद्दल मला तो एकदाच बोलला. मी सुट्टीत गेलो होतो, वैनी ओढ्यावर गेली होती. म्हणाला, "मास्तर, तिला येकदा सांग. म्या सांगितलं तर म्हनंल, भावावर ढकलत्यात." मी म्हणालो, "सांगतो." दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर वेळी मी पिशवीत काहीतरी घेऊन जायचो, मोसंबी, गोळ्यांची बाटली, आणि तसाच परत यायचो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण हेही पुन्हा त्याच्यावरच ढकलणं झालं.

तेरावा झाल्यावर मी परसात गेलो. वैनी धुण्याच्या दगडापाशी बसली होती. समोर दोरीवर लुगड्याच्या त्या शिवलेल्या घड्या वाळत होत्या, धुतलेल्या, आता कुणालाच नको असलेल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं खाली बघूनच ऐकलं. मग म्हणाली, "निम्मं मला ठावं व्हतं, भावजी. दिलंय म्हनला तुमी, आन् त्यांची जीभ तर चिकटत व्हती."

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस, वैनी?"

"तुमी बोलाल म्हनून," ती म्हणाली. "दोन वर्सं वाट बघितली की."

ती रडली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. पिळलेलं लुगडं झटकलं आणि म्हणाली, "त्या डाक्टरला जाऊन सांगा."

मी गेलो. भोरात रोज मी त्या दारावरून जातो, पण त्या दिवशी पायरी चढायला वेळ लागला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. त्यांना आठवत नव्हतं. दादा आठवत होता, दादाच्या गुठळ्या आठवत होत्या, पण कुणा बाईला आपण बोललो, हे काही केल्या आठवेना. "रोज किती जणांना रागावतो मी, मास्तर," असं म्हणाले, आणि मला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाले, की दादाची मूत्रपिंडं आधीच दुबळी झाली असतील, एका दिवसाच्या पाण्यानं एवढं होतंच असं नाही. त्या वाक्याला लोंबकळत राहायचा मोह मला झाला. अजूनही होतो.

पुढच्या रविवारी वैनीला सांगितलं, डॉक्टरांना आठवत नाही.

"ऱ्हाईना," ती म्हणाली. "मला आठवतं." मग तिनंच विचारलं, "तुमी पेपरात लिवता न्हवं? लोकं वाचत्यात म्हनं. मग त्यात लिवा."

म्हणून हे लिहिलं. पाठवण्याआधी पडवीत बसून तिला वाचून दाखवलं. वाघाच्या गोष्टीला ती किंचित हसली. धोतर कोरडं असल्याचं वाचलं, तेव्हा उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आन् माझं नाव कुटं हाय? नुसती वैनी, वैनी. वैनी काय, घरोघर असत्यात. कुनाला कळनार?"

तिचं नाव अनसूया. मार्गासनीला अनसाबाई म्हणतात. दादाला तिनं कधीही तहानेलं ठेवलं नाही. ठेवलं ते मी.