लॅबमध्ये सांगितलेलं नाव

लॅबच्या काउंटरवरच्या मुलीनं "पेशंटचं नाव?" असं विचारलं आणि मी माझं सांगितलं.

बाटली बायकोच्या लघवीची होती. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही खिशात होती, तिच्याच नावाची. पण मागं रांगेत आमच्या आष्ट्यातले दोघं ओळखीचे उभे. सांगलीत, विश्रामबागेत येऊनही आष्टेकरच भेटावेत, हे माझं नशीब. चारचौघांत बायकोच्या लघवीचं काय बोलायचं, म्हणून बावन्न वर्षांचा हा मिशाळ गृहस्थ एका क्षणात पेशंट झाला. मुलीनं विचारलं, "जळजळ होते का, काका?" मी म्हणालो, "लय." मागचा एकजण हळहळला. "पाणी पीत जा की गड्या," म्हणाला.

बायकोला चार महिन्यांत तिसऱ्यांदा हाच त्रास. गोळ्या संपल्या की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. यावेळी तर गोळ्या लागूच पडेनात, म्हणून जंतू कोणता आणि तो कशानं मरतो हे बघायला ही तपासणी. उशीर झाला तर वर किडनीत जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं गेलो. बाईंनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. "हा तर तुमचा आहे. यांचा कुठाय?"

तिथंच खरं बोललो असतो तर विषय मिटला असता. पण बायको शेजारी बसलेली. म्हणालो, "लॅबवाल्या पोरीनं घोळ केला असणार. हल्लीच्या पोरांचं लक्ष कुठं असतंय."

बाईंनी तिथल्या तिथं फोन लावला. पलीकडची मुलगी काय सांगत होती ते ऐकू आलं नाही. बाई मात्र तिला म्हणाल्या, "जिवाशी खेळ आहे हा. कळतंय का?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर त्या कागदावर औषध देता येत नाही. नमुना पुन्हा द्यायचा ठरला. म्हणजे आणखी दोन-तीन दिवस.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बायकोला हुडहुडी भरली. तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते, कमरेत कळ. घरात नवीन आलेली सून तिचे पाय चोळत बसली, मी गाडी काढली. दवाखान्यात ठेवून घेतलं. "वर गेलंय," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "बाई, तो रिपोर्ट हिचाच. नाव मीच माझं सांगितलं होतं. त्या पोरीची काही चूक नाही."

बायको डोळे मिटून पडली होती. पापणी हलली, एवढंच. बाईंनी तोच रिपोर्ट पुन्हा काढला आणि त्याप्रमाणं इंजेक्शन सुरू केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

ताप उतरल्यावर बाईंनी केसपेपरच्या मागं एक लांबट जंतू काढला, अंगभर केस असलेला. "हे केस म्हणजे पिली. टोकाला आकडा असतो, तो मूत्राशयाच्या भिंतीला धरतो. लघवीची धार आली की सुटत नाही, उलट पकड घट्ट होते."

"उसाचं कुसळ जसं. झटकायला जावं तर आत," मी म्हणालो.

"तसंच. पण सगळेच काही धरून बसत नाहीत. सुटे असतात ते वाहून जातात. म्हणून पाणी प्यायचं आणि लागली की जायचं. अडवून धरलं तर त्यांना वाढायला आणि नवी जागा पकडायला सवड मिळते. काहींचे आकडे तर किडनीलाच धरणारे असतात." मग बायकोकडं वळून, "तुम्ही अडवून धरता का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "गाडी थांबत न्हाई, बाई."

आमची लेक चार वर्षांपूर्वी खंडाळ्याला दिलीय. वाट लांबची, तरी महिन्यातून दोनदा जाणं होतं. 'आष्ट्यात ब्रेक सोडला की थेट खंडाळ्यातच दाबतो,' हे मी लग्नाकार्यात छाती काढून किती वेळा सांगितलंय, त्याला गणती नाही.

"आदल्या सांजंपासनं मी पाणीच पीत न्हाई," बायको म्हणाली. "वाटंत लागाय नको."

माझी चार वर्षं समजूत, की हिला प्रवासात तहान लागत नाही.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये गेलो. रांग होती. सगळ्यांसमोर त्या मुलीला सांगितलं, बाटली बायकोची होती, नाव मी खोटं सांगितलं, वर तुझ्यावर ढकललं. तिनं ऐकून घेतलं. "तीन दिवस मला काउंटरवर बसू दिलं नाही, काका," म्हणाली आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

परत येऊन बायकोला हेही सांगितलं. ती उशीला टेकून पाणी पीत होती. पेला खाली ठेवून म्हणाली, "आवं, माझं जाऊ द्या. मी तरी कवा म्हणलं, थांबवा म्हणून? आता पुढच्या खेपंला सून बसंल गाडीत. ती तर तोंडातनं शबूद काढायची न्हाई. तुमीच इचारायचं."